हात दिसतो तेव्हा पालीला काय दिसते?

पाळीव प्राणी : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

या महिन्याच्या टपालात कुत्र्यामांजरांना मागे सारून पालींनी बाजी मारली आहे. बहुतेक पत्रे परदेशांत राहणाऱ्या आपल्या वाचकांची असून, मुलांनी किंवा नातवंडांनी हट्टाने घरी आणलेली पाळीव पाल चावते, खात नाही किंवा हाती येत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर मी मुद्दाम लांबवले आहे, कारण इतरांच्या शंकांची निम्मी उत्तरे त्यात येऊन जातात.

प्रश्न : आमच्या दहा वर्षांच्या मुलाने वर्षभर हट्ट धरल्यानंतर आम्ही त्याला वाढदिवसाला लेपर्ड गेको जातीची पाल आणून दिली. पिवळ्या अंगावर ठिपके असल्यामुळे तिचे नाव बुंदी ठेवले आहे. ही जात अतिशय गरीब असते आणि लहान मुलेही तिला सहज हाताळतात, असे दुकानदाराने सांगितले होते. आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलाने तिला उचलण्यासाठी काचपेटीत हात घातला, तेव्हा ती आधी चारही पायांवर ताठ उभी राहिली, शेपटी वर करून सावकाश हलवू लागली, मग चक्क किंचाळली आणि तिने त्याच्या तर्जनीला चावा घेतला. रक्ताचा थेंब आला. आता मुलगा पेटीजवळ जायलाही घाबरतो, आणि बुंदीने चार दिवसांत एकही रातकिडा खाल्लेला नाही. पेटीत सोडलेले रातकिडे मात्र रात्रभर ओरडत असतात. आमचे काय चुकले? तिला परत करावे का?
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : परत करू नका. बुंदीने जे केले ते नव्या जागी आलेल्या कोणत्याही पिल्लाने केले असते, आणि चावण्यापूर्वी तिने तीनदा बजावलेही होते. अंग उंचावून ताठ होणे, शेपटी उचलून ती सावकाश डोलावणे आणि अखेरीस किंचाळणे, अशी ही बचावाची चढत जाणारी भाषा आहे. पहिली खूण दिसताच हात मागे घेतला असता तर बोट वाचले असते. किंचाळणे हे मुख्यतः पिल्लांचे अस्त्र असल्यामुळे बुंदी अवघ्या काही महिन्यांची असावी, असा माझा अंदाज आहे. पूर्ण वाढलेली लेपर्ड गेको शेपटीसह साधारण २० ते २५ सेंटिमीटर भरते. एकदा फूटपट्टी पेटीच्या काचेला बाहेरून लावून पाहा, म्हणजे अंदाज खरा की खोटा ते कळेल. पिल्ले अधिक चावरी असतात आणि वाढत्या वयाबरोबर बहुतेकींचा हा स्वभाव निवळतो. तेव्हा दुकानदाराचे म्हणणे मोठ्या, माणसाळलेल्या पालीबाबत खरे आहे. दोन दिवसांच्या ओळखीला ते लागू पडत नाही.

ही पाल मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ मुलखातली आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे काम पाहणाऱ्या एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस या तिच्या नावाचा अर्थ साधारणपणे ‘खऱ्या पापण्यांची, ठिपकेवाली’ असा होतो, कारण आपल्या भिंतीवरच्या पालीला नसतात तशा उघडमीट करता येणाऱ्या पापण्या हिला असतात. दिवसा ती दगडांच्या कपारीत झोपते आणि तिन्हीसांजेला बाहेर पडते. उघड्यावर असताना वरून येणारी सावली म्हणजे झडप घालणारा पक्षी, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. तुमच्या मुलाचा हात पेटीच्या वरच्या झाकणातून थेट तिच्या पाठीवर उतरला. त्याला त्याची बुंदी दिसत होती, आणि बुंदीला घुबड दिसत होते.

आता खाण्याविषयी. तुमच्या पत्रातले ‘रातकिडे रात्रभर ओरडत असतात’ हे वाक्य वाचून मी थांबलो, कारण रातकिड्यांमध्ये ओरडतो तो फक्त पूर्ण वाढलेला नर. म्हणजे तुम्हाला दुकानातून मोठे रातकिडे मिळालेले आहेत, आणि बुंदी खरोखरच पिल्लू असेल तर ते तिच्या तोंडाला मोठे पडतात. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जाड नसावा, असा ढोबळ हिशेब ठेवा आणि दुकानात लहान आकाराचे रातकिडे मागा. जे पेटीत ओरडत आहेत ते आज रात्रीच बाहेर काढा. भुकेले रातकिडे झोपलेल्या पालीची बोटे आणि पापण्या कुरतडतात, आणि अशी रात्र काढलेली पाल सकाळी हात पाहून चावली तर नवल नाही.

उपवासाचे दुसरे कारण बहुतेक वेळा ऊब हे असते. सरपटणाऱ्या प्राण्याला अन्न पचवण्यासाठी बाहेरून उष्णता घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर भूक लागत नाही आणि खाल्लेले अंगी लागत नाही. पेटीच्या एका बाजूला ३० ते ३२ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या बाजूला २४ ते २६ अंश असे तापमान असावे, म्हणजे तिला हवे तसे इकडून तिकडे जाता येते. हे तापमान काचेवर चिकटवलेल्या पट्टीवर पाहू नका, कारण ती पट्टी काचेचे तापमान सांगते. तारेच्या टोकाशी संवेदक असलेला डिजिटल तापमापक घ्या आणि ते टोक बुंदी जिथे पोट टेकते त्या जमिनीवर ठेवा. हीट मॅट (ऊब देणारी चटई) किंवा दिवा थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमान ठरावीक राखणाऱ्या उपकरणाला, जोडलेलाच हवा. थर्मोस्टॅट नसलेल्या मॅटवर पोट भाजलेल्या पाली मी दवाखान्यात पाहिल्या आहेत. दोन्ही बाजूंना लपायला एकेक गुहा द्या. तळाला सध्या पेपर टॉवेल अंथरा आणि वाळू टाळा, कारण किड्याबरोबर वाळूही पोटात जाऊन आतडे तुंबण्याची भीती असते.

जागा बदललेल्या पालीने चार दिवस न खाणे ही घाबरण्याची गोष्ट नाही. तिच्या जाड शेपटीत चरबी साठवलेली असते आणि तीच तिची शिदोरी होय. तरीही आठवड्यातून एकदा तिला डब्यासह वजनकाट्यावर ठेवून ग्रॅममध्ये वजन लिहून ठेवा. पिल्लू आठवडाभर काहीच खाईना, वजन उतरू लागले किंवा शेपटी बारीक होऊ लागली, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्यक गाठावा.

खाऊ घालण्याची वेळ दिवेलागणीची ठेवा. पिल्लाला रोज, दहा-पंधरा मिनिटांत ते जेवढे खाईल तेवढे द्यावे. मोठ्या पालीला दोन-तीन दिवसांतून एकदा पुरते. रातकिड्यांना आदल्या दिवशी गाजर, हिरवी पालेभाजी खाऊ घालून तरतरीत करावे, कारण उपाशी किडा म्हणजे नुसते टरफल. खायला देण्याआधी त्यांना पिशवीत घालून त्यावर कॅल्शियमची भुकटी टाकावी आणि पिशवी हलकेच हलवावी. तव्यावर टाकण्यापूर्वी रव्यात घोळवलेल्या बोंबलासारखे ते पांढरे दिसले की झाले. डी-३ जीवनसत्त्वासह येणारी भुकटी रोज वापरायची की अधूनमधून, हे तुमच्या पेटीत अतिनील किरणांचा दिवा आहे की नाही यावर ठरते, म्हणून ते पशुवैद्यकाला विचारून ठरवा. कॅल्शियम कमी पडले तर हाडे मऊ होऊन पाय वाकतात, आणि वाकलेले पाय पुन्हा सरळ होत नाहीत. मीलवर्म नावाच्या अळ्या देणार असाल तर ते गुळगुळीत काठाच्या बशीत ठेवावेत. बागेतले किडे देऊ नका, त्यांच्यावर कीटकनाशक असू शकते. आणि न्यू जर्सीत उन्हाळ्यात हिरवळीवर जे काजवे चमकतात ते तर चुकूनही नकोत. काजव्यांच्या अंगात असे विष असते की एकदोन काजव्यांनीही पाळीव सरडे दगावलेले आहेत.

आता माझा मुख्य आग्रह. पालीला भरवणारा हात आणि पालीला उचलणारा हात, या दोन गोष्टी तिच्या मनात कधीच एक होऊ देऊ नका. मुलाला किडा बोटात धरून भरवायला देऊ नका. दहा वर्षांच्या मुलाचे गुलाबी बोट हे पालीच्या लेखी एक जाडजूड अळीच असते. २५-३० सेंटिमीटर लांबीचा, रबरी टोकाचा चिमटा आणा. किडा तिच्या नाकासमोर, जमिनीलगत आणि किंचित बाजूला धरून हलवा. तिची नजर एका जागी खिळेल आणि शेपटीचे फक्त टोक झपाझप थरथरू लागेल. मघाच्या सावकाश डोलण्यापेक्षा हे थरथरणे अगदी वेगळे असते, आणि एकदा पाहिले की दोन्हींतला फरक विसरत नाही. पुढच्या क्षणी ती झेप घेते. तिने पकडले की चिमटा लगेच सैल सोडा, ओढाताण करू नका. शेपटीचे टोक थरथरत असताना पेटीत रिकामा हात घालणे म्हणजे आपणहून ताटात जाऊन बसणे.

हे मी पुस्तकी सांगत नाही. एकदा रातकिड्यांचा डबा बंद करून, हात न धुता, मी माझ्याच घरच्या सहा वर्षांच्या माणसाळलेल्या पालीला उचलायला गेलो. तिने अंगठ्याला दोनदा जीभ लावली, क्षणभर विचार केल्यासारखी थांबली आणि मग कचकन धरले. वास रातकिड्याचा आणि चव माझी, अशी तिची फसवणूक झाली होती, आणि त्यात दोष माझा होता. तेव्हापासून पालीला उचलण्याआधीही मी साबणाने हात धुतो. उचलल्यानंतर तर धुवायचेच, त्याचे कारण खालच्या एका उत्तरात दिले आहे.

उचलण्याची घाई करू नका. पहिले दोन आठवडे पाणी बदलणे, स्वच्छता आणि खाऊ एवढ्यापुरताच तुमचा हात पेटीत जावा. ती नियमित खाऊ लागली की संध्याकाळी स्वच्छ धुतलेला हात, तळवा वर करून, तिच्या गुहेपासून वीतभर अंतरावर ठेवावा आणि पाच मिनिटे अजिबात हलवू नये. सुरुवातीला हे तुम्ही करा आणि मुलाला शेजारी बसून तिच्या खुणा वहीत लिहायला सांगा. भ्यालेल्या मुलाचा हात थरथरतो, आणि थरथरणारे बोट म्हणजे पुन्हा अळी. काही दिवसांनी बुंदी येऊन बोटाला जीभ लावेल. तो चावा नसून चौकशी असते, तेव्हा दचकून हात ओढू नका. नंतर एखाद्या दिवशी ती आपणहून तळव्यावर पाय देईल. त्या दिवशी फक्त तिला चढू द्यावे आणि उतरू द्यावे.

उचलण्याची पाळी येईल तेव्हा हात बाजूने, तिला दिसेल असा, जमिनीलगत सरकवत पोटाखाली न्यावा, म्हणजे चारही पाय आणि पोट तळव्यावर टेकतात. वरून चिमटीत धरू नये आणि शेपटीला तर हातच लावू नये. धोका वाटला की ती शेपटी टाकून देते. नवी शेपटी येते खरी, पण ती आखूड, फुगीर आणि मुळ्यासारखी दिसते, आणि साठवलेली शिदोरी जाते ती वेगळीच. जमिनीवर बसून, मांडीच्या वर वीतभर उंचीवरच तिला धरा. ती पुढे चालू लागली की एका तळव्यापुढे दुसरा तळवा ठेवत राहा, तिला चालू द्या, अडवू नका. पहिल्या खेपांना पाच मिनिटे पुरेत, पुढे पंधरापर्यंत वाढवा. खाल्ल्याबरोबर, दिवसा झोपलेली असताना आणि कात टाकताना तिला हात लावू नये. कात टाकण्यापूर्वी तिचा रंग एखाद्या धुरकट कागदासारखा फिका पडतो, दिसणे मंदावते आणि चिडचिड वाढते; त्या दिवसांत ओलसर पेपर टॉवेल घातलेली एक गुहा तिला द्यावी. सुटलेली कात ती स्वतःच खाऊन टाकते, त्याने घाबरू नका. बोटांच्या टोकांवर मात्र काताचा तुकडा अडकून राहिला नाही ना, एवढे पाहा, कारण तो आवळत जाऊन बोट गळते.

तिला मिठीची ओढ लागेल, अशी अपेक्षा मुलाला लावून देऊ नका. या पाली नीट सांभाळल्या तर १५ ते २० वर्षे जगतात. म्हणजे मुलगा कॉलेजला जाईल तेव्हाही बुंदी घरात असेल, आणि तिला खाऊ घालण्याचे काम त्या वेळी तुमच्याकडे आलेले असेल.

प्रश्न : आमच्या तीन वर्षांच्या लेपर्ड गेको नराला अळी देत असताना त्याने माझे बोट पकडले आणि काही केल्या सोडेना. घाबरून मी हात झटकला आणि तो गालिच्यावर आपटला. आता तो खातो आहे, पण चावतो तेव्हा सोडवावे कसे? जाड हातमोजे घालावेत का?
— एक वाचक, लेस्टर, इंग्लंड

उत्तर : आधी त्याचे पाहू. पडलेल्या पालीचा जबडा एका बाजूला झुकला आहे का, तोंड पूर्ण मिटते का, हिरड्यांत रक्त किंवा सूज आहे का, आणि चालताना एखादा पाय ओढतो का, हे तपासा. यांतले काही आढळल्यास थांबू नका, पशुवैद्यकाकडे न्या. खाणे सुरू आहे ही चांगली खूण असली तरी तोंडातली बारीक जखम दोन-तीन आठवड्यांनी पिकून वर येते, तेव्हा तोवर लक्ष असू द्या.

चावा बसला की पहिली गोष्ट म्हणजे काहीच न करणे, आणि मला ठाऊक आहे की हे सांगणे सोपे आहे. हात ओढला तर पालीला वाटते की शिकार निसटते आहे, आणि ती अधिक जोराने धरते. शिवाय तिचे बारीक दात तुटतात आणि तुमची कातडी फाटते. हात आहे तसा पेटीच्या तळाशी न्या, म्हणजे तिचे चारही पाय जमिनीला टेकतील. पायांखाली जमीन आली की बहुतेक पाली आपणहून सोडून निघून जातात. त्यानेही सोडले नाही तर नाकावर कोमट पाण्याचे दोन-चार थेंब सोडा. जबडा हाताने उघडू नका, आणि व्हिनेगर, स्पिरिट वगैरे तिच्या तोंडाशी नेऊ नका. घरगुती उपायांपैकी हे दोन मला सर्वांत जास्त त्रासदायक वाटतात.

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने चांगली धुवा. या पालीला विष नसते, आणि रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग असल्यामुळे त्याचीही चिंता नको. धनुर्वाताची लस घेऊन बरीच वर्षे झाली असतील, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोट लाल, गरम, ठणकणारे झाले, तर डॉक्टरांना दाखवा.

हातमोजे नकोत. जाड मोज्यातून आपण किती जोराने धरले आहे हे आपल्याला कळत नाही, आणि चावलेल्या बोटापेक्षा चेपलेली पाल बरी करणे अवघड असते. चिमटा घ्या.

प्रश्न : मी पुण्याची, सध्या मुलीकडे सिॲटलला आले आहे. आयुष्यभर घरात पाल दिसली की झाडू हातात घेतला, आणि इथे नातीने पाल विकत आणून तिला काचेच्या महालात ठेवले आहे! पाल दुधात पडली तर विषबाधा होते, अंगावर पडली तर पंचांगात फळ पाहायचे, हे आम्ही लहानपणापासून ऐकले. घरात दोन वर्षांचा नातूही आहे. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते आहे, हसू नका.
— एक आजी

उत्तर : हसत नाही, आजी, कारण तुमच्या शंकेत खऱ्याचा अंश आहे. गेको कुळातल्या पालींना विषाची ग्रंथी नसते, त्यामुळे चाव्याने किंवा स्पर्शाने विष चढत नाही. परंतु सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जीवाणू असतात. त्यांना त्याचा काहीच त्रास होत नाही, आपल्याला मात्र उलट्या, जुलाब आणि ताप येतो. दुधात पाल पडून घरातली माणसे आजारी पडल्याच्या गोष्टी आपण ऐकतो, त्यांत खरा गुन्हेगार हे जीवाणूच असण्याचा संभव मला अधिक वाटतो. म्हणजे दूध फेकून देणारी आपली आजी बरोबर होती, कारण मात्र वेगळे होते.

म्हणून नातवाची काळजी अवश्य घ्यावी. पाच वर्षांखालील मुलांनी सरपटणारे प्राणी हाताळू नयेत, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे सांगणे आहे, आणि पासष्टीच्या पुढच्या माणसांनाही या संसर्गाचा त्रास अधिक होतो, म्हणजे त्यात आपणही आलो. नातीने पालीला हात लावल्यावर कोपरापर्यंत साबणाने हात धुवावेत, तिचा मुका घेऊ नये, आणि पाण्याची बशी, दगड, गुहा या वस्तू स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नयेत. पेटी स्वयंपाकघरात किंवा नातवाच्या खोलीतही नसावी. रातकिड्यांचा डबासुद्धा फ्रीजवर ठेवण्याची सवय काही घरांत असते, ती मोडावी.

पंचांगाविषयी सांगायचे, तर नातीची पाल लेपर्ड गेको असेल तर तिच्या बोटांना आपल्या पालीसारख्या चिकट गाद्या नसतात, आणि तिला काचेवर किंवा भिंतीवर चढताच येत नाही. छतावरून अंगावर पडण्याचा प्रश्नच येत नसल्याने फळ पाहण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे क्रेस्टेड गेको आहे. लेपर्ड गेकोचे सगळे नियम वाचून तसेच वागलो, पण हा हातावर आला की उडी मारतो. परवा उडी मारताना मी त्याला घाईत पकडले आणि शेपटी माझ्या हातात राहिली. ती कितीतरी वेळ वळवळत होती. नवी शेपटी केव्हा येईल?
— एक वाचक, मिसिसागा, कॅनडा

उत्तर : येणार नाही. पालींच्या शेपट्या पुन्हा उगवतात या सर्वसाधारण समजुतीला क्रेस्टेड गेको अपवाद आहे. मात्र यात तुम्ही स्वतःला फार दोष देऊ नये, कारण न्यू कॅलेडोनिया बेटांवरच्या जंगलात या जातीच्या अनेक मोठ्या पाली बिनशेपटीच्याच आढळतात आणि त्यांचे त्यावाचून काही अडत नाही. ही जात नामशेष झाली असे मानले जात होते. १९९४ साली ती पुन्हा सापडली. जखम सहसा आपोआप मिटते. काही दिवस तळाला स्वच्छ पेपर टॉवेल ठेवा, माती आणि नारळाचा भुसा काढून टाका, आणि सूज किंवा पू दिसला तरच औषधोपचार करा.

लेपर्ड गेकोचे नियम इथे पुरत नाहीत, कारण हा प्राणी झाडावरचा आहे. त्याला उडी मारणे म्हणजे आपल्याला पाऊल टाकणे. उडीच्या आधी तो अंग आखडून पुढचे अंतर जोखतो; ते दिसताच त्याला पकडू नका, समोर दुसरा तळवा धरा. रुंद पलंगावर बसून हाताळले तर चुकलेली उडीही गादीवर पडते. तापमान २२ ते २६ अंश त्याला मानवते आणि २८ अंशांच्या वर त्याला ताण येतो, त्यामुळे उबदार हात फार वेळ लावू नयेत. खाणेही निराळे असते. फळांच्या गरापासून बनवलेली तयार भुकटी पाण्यात कालवून, पातळ खिरीइतकी करून, उंचावरच्या वाटीत ठेवावी आणि आठवड्यातून एकदोनदा लहान रातकिडे द्यावेत. या वाटीचा एक फायदा असा की खाणे आणि हात यांची गल्लत आपोआपच कमी होते.

प्रश्न : मी धुळे जिल्ह्यातल्या एका गावचा, बारावीला आहे. शेताच्या दगडी बांधात रात्री बॅटरीच्या उजेडात पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांची, जाड शेपटीची, डोळे मिटणारी पाल दिसली. व्हिडिओत दाखवतात त्या लेपर्ड गेकोसारखीच आहे. गावात सगळे म्हणतात की ही चावली तर माणूस वाचत नाही, मारून टाक. मला ती पाळायची आहे. पकडू कशी?
— एक विद्यार्थी

उत्तर : पकडू नको आणि मारूही देऊ नको. तू पाहिलेली पाल त्याच कुळातली, पण आपली स्वतःची असण्याचा संभव आहे. युब्लेफॅरिस फस्कस ही जात महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये आढळते, आणि सातपुड्यातून याच कुळातल्या आणखी एका जातीची, युब्लेफॅरिस सातपुराएन्सिसची, नोंद २०१४ साली झाली. तिला विष नाही. गावकऱ्यांची भीती तिच्या रंगामुळे आणि ती चारही पायांवर ताठ उभी राहून अंगावर येण्याचा आव आणते त्यामुळे आहे. याच अंकात एडिसनच्या बुंदीने नेमके हेच केलेले तू वाचले असशील. दुकानातली पाल पिढ्यानपिढ्या पेटीत वाढलेली असते. बांधातली पाल पेटीत बहुधा अन्नपाणी सोडून देते, आणि रानातला प्राणी धरून घरी ठेवणे वन्यजीव संरक्षण कायद्यात अडकण्यासारखे आहे.

तू करण्यासारखे दुसरे काम आहे. तारीख, वेळ, पाऊस होता की नव्हता आणि बांधाची जागा असे लिहून ठेव, आणि बॅटरीचा झोत तिच्या डोळ्यांवर न टाकता दोन हात अंतरावरून वरून आणि बाजूने असे दोन फोटो घे. कोणी मारायला निघाले तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करता येतो. आणि बांधातले दगड उलथून तिला शोधू नकोस; त्याच कपारीत फुरसेही राहते, आणि त्याच्या चाव्याला मात्र विष असते.